धानाकडच्या खोल्या

माझी नोकरी वाचवली ती पहिल्या मजल्यावरच्या खोल्या आवरणाऱ्या मावशींनी. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मशीन मी दुरुस्त केली. हात माझे होते, एवढंच.

मी माणदेशातला. नववीत शाळा सोडली, पुण्यात एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काम शिकलो आणि तिथून एका ठेकेदारामार्फत गोंदियाजवळच्या या लॉजवर आलो. "डिप्लोमावाला मिळेपर्यंत तू सांभाळ," असं ठेकेदार म्हणाला होता. त्याला दोन वर्षं झाली. तरी त्याचा फोन आला की वाटतं, मिळाला असेल डिप्लोमावाला.

लॉजमध्ये सोळा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी एक अरुंद कपाट. त्या कपाटात माणसाएवढी उभी मशीन असते. वर खोलीत हवा सोडणारा पंखा, खाली कॉम्प्रेसर, आणि मागची बाजू भिंतीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या लोखंडी झडपेतून बाहेरची हवा ओढते. उन्हाळ्यात ती खोलीतली गरमी बाहेर टाकते. थंडीत उलटं काम करते, बाहेरच्या हवेत जी थोडीफार ऊब असते ती गोळा करून आत आणते. थंड हवेतून ऊब कशी निघते, हे मावशींनी मला एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, तर म्हणाल्या, "असं हाय का. म्हंजे कंजूष माणसाकडून वर्गणी काढल्यासारखं." त्याहून चांगलं मला आजवर कुणाला समजावता आलेलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात थंडी एकदम पडली. आधी एका खोलीची तक्रार आली, मग दुसरी, दोन दिवसांत पाच. मशीन चालू व्हायची, दहाएक मिनिटं कोमट हवा द्यायची, मग खट्‌कन बंद पडून तिचा लाल दिवा मिचमिचायचा. कपाट उघडून पाहिलं तर खालच्या कॉइलवर, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करणाऱ्या नळ्यांवर, पांढराशुभ्र बर्फ. गरमीवरून थंडीवर फिरवणारा व्हॉल्व्ह अडकला असेल म्हणून त्याला पेचकसाच्या मुठीनं हलकेच ठोकलं. तो अडकलेला नव्हता. बटण फिरवलं की फुस्स करून नीट बदलत होता. दिवा किती वेळा मिचमिचतो ते मोजलं, मशीनसोबतचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि मोबाईलचा कॅमेरा धरून मराठी करून घेतलं. "कमी दाब," असं आलं. खाली कारणांची लांबलचक यादी होती. मी भराभर बोट फिरवत गेलो, शेवटच्या ओळीत "गॅस कमी" दिसलं आणि तिथंच थांबलो. मला हवं होतं ते सापडलं होतं.

ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "कमी दाब म्हणजे गॅसच. पाइप काप, भर, सील कर. जमत नसेल तर सांग, सोमवारी नागपूरहून दुसरा माणूस पाठवतो."

मी म्हणालो, "जमतं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ही मशीन कारखान्यातूनच गॅस भरून कायमची बंद करून येते. तिचा पाइप कापला की कंपनीची हमी संपते. गॅस कमी असेल तर कापण्याला अर्थ आहे. नसेल तर चांगली मशीन आपल्या हातानं बिघडवल्यासारखं होतं, आणि इथं तर पाच मशीन होत्या. हे मला ठाऊक होतं. पण सोमवारचा तो दुसरा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दुपारी मॅनेजर जिन्यातून वर आले. ते गोंदिया शहरातले, बोलतात हिंदीत. "भैया, कल बारात आ रही है. सोलह के सोलह कमरे बुक हैं. बूढ़े लोग भी हैं. शाम तक हो जाएगा ना?"

"हो जाएगा साहब."

ते गेले. मी कोपऱ्यावरच्या खोलीतली मशीन बंद केली, गॅसचं नळकांडं आणून टेकवलं आणि पाइप कापायचं गोल कटर हातात घेतलं. तेवढ्यात मावशी चादरी बदलायला आत आल्या.

"काय कापून राहिला गा बाबू?"

"पाइप. गॅस संपलाय."

"पाचही मशीनचा?"

"हो."

"एकाच वक्ताले?" त्यांनी उशीचा अभ्रा ओढून काढला. "पाच भावांच्या बायका एकाच दिवशी माहेरी गेल्यासारखं झालं हे."

खरं तर मला राग आला होता. त्या चादर झटकत पुढं म्हणाल्या, "रस्त्याकडच्या खोल्या तं चांगल्या गरम होऊन राहिल्या. मी आताच आवरून आलो. धानाकडच्याच थंड आहेत. मशीनले दिशा समजते का गा?"

कटर माझ्या हातात तसंच राहिलं. मी बोटांवर खोल्या मोजल्या. पाचही खोल्या मागच्या बाजूच्या, शेताकडं तोंड असलेल्या. दोन दिवस मी त्याच जिन्यानं वरखाली करत होतो आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मावशी मात्र आता चादर झटकायच्या थांबल्या होत्या. "थांब," त्या म्हणाल्या. "जाळी."

"कसली जाळी?"

धान, म्हणजे भात, पिकायला आलं की इथं माहू येतो. धानावरचा बारीक किडा. आमच्या कोरड्या मुलखात हा प्रकार नाही, म्हणून त्यासाठी जाळ्या लावतात याची मला कल्पना नव्हती. संध्याकाळी दिवा लागला की शेतातून त्याचे थवे उठतात, ताटात पडतात, केसात शिरतात. गावातली माणसं त्या दिवसांत खिडक्यांना, झरोक्यांना जुनं कापड नाहीतर मच्छरदाणीचे तुकडे लावतात आणि धान कापून झालं की काढतात. लॉजवर त्या वर्षी गिऱ्हाइकं ओरडू लागली होती की कपाटातून किडे येतात. मॅनेजर म्हणाले, काहीतरी करा. मावशींनी घरी करतात तेच इथं केलं. शेताकडच्या खोल्यांच्या झडपांमागं, मशीनच्या पाठीशी, मच्छरदाणी दुहेरी करून खोचली. पुढं धान कापणी आली, घरचं काम अंगावर पडलं आणि जाळ्या तशाच राहिल्या. दिवाळीनंतर गारवाही नको आणि ऊबही नको असे दिवस होते. मशीन कुणी लावलीच नाही, त्यामुळं कुणाला कळलंही नाही.

शिडी लावून मी बाहेरून झडपेचे चार स्क्रू काढले. मावशींनी खालून शिडी धरली होती. जाळी निघाली ती जाळी म्हणून ओळखू येत नव्हती. मेलेला माहू, मळणीचा भुसा आणि पलीकडच्या राइस मिलचा कोंडा मिळून घोंगडीसारखा थर झाला होता. त्यातून वारा जाणं शक्यच नव्हतं. हवाच मिळत नव्हती, तर ऊब कुठून येणार? कॉइल गार होत होती, गोठत होती आणि दाब पडला की मशीन शहाण्यासारखी बंद होत होती. गॅस होता तेवढा होता.

"तू मागून कधी पाहतच नव्हता ना गा?" मावशींनी खालून विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मी जाळी खाली टाकली. मशीनच्या देखभालीचं एक पत्रक असतं. दर महिन्याला आतला फिल्टर धुवायचा, झडप काढून मागची बाजू साफ करायची आणि दोन्हींच्या चौकटींत बरोबरची खूण करायची. शिडी लावायचा कंटाळा म्हणून मी आतून फिल्टर धूत होतो आणि खूण दोन्ही चौकटींत करत होतो. ऑक्टोबरला केली होती. नोव्हेंबरलाही.

बर्फ मी खरवडला नाही. कॉइलच्या पात्या नाजूक असतात, वाकल्या की संपलं. मशीन बंद ठेवून नुसता खोलीचा पंखा सोडला आणि बर्फ आपोआप वितळू दिला. पाणी निथळलं. पात्यांवर मऊ ब्रश उभा फिरवला, थोडं पाणी मारलं, मशीन लावली. वीस मिनिटं मी तिच्यासमोर थर्मामीटर धरून उभा होतो. हवा गरम येत राहिली, लाल दिवा लागला नाही. पाचही खोल्या संध्याकाळच्या आत झाल्या. नळकांडं मी जसं आणलं तसं परत नेऊन ठेवलं.

मॅनेजरनी विचारलंच. "क्या निकला?" त्यांच्या हातात पत्रकांची फाइल होती. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "जाळी मी लावली होती साहेब. माहूसाठी. काढायची राहिली. यानं पाइप कापला नाई म्हणून मशीन वाचल्या."

मॅनेजर त्यांना बरंच बोलले. पंचवीस लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्यादेखत. मावशी पदराचं टोक हाताला गुंडाळत उभ्या राहिल्या आणि मी फाइलकडं बघत राहिलो. मॅनेजरनी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मावशींना खोल्यांवरून काढून भांडी घासायला लावलं. ठेकेदाराला मॅनेजरनी सांगितलं की पोरगा समजदार आहे. सोमवारी कुणी आलं नाही.

मी चार दिवस स्वयंपाकघराकडं फिरकलो नाही. मग गेलो. त्या मागच्या ओट्यावर थंड पाण्यात हात घालून बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"कायले घेऊ?" त्यांनी कढई उलटी केली. "मले तं गावात धा ठिकाणी काम भेटते. तुले इथं कोण हाय? आन जाळी तं माझीच होती ना." मग म्हणाल्या, "पण आता मागून पाहत जा."

मी पाहतो. दर महिन्याला सोळाही झडपा काढतो, मगच खूण करतो. रात्री झोपताना एखादी राहिली तर नाही ना, असं वाटून कधी पुन्हा उठतोही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरची ती दोन पत्रकं अजून फाइलमध्ये आहेत, मावशी अजून भांड्यांवर आहेत, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही. भीती वाटते, दुसरं काही कारण नाही. मावशी, एक दिवस तुम्हाला शेजारी उभं करून मी मॅनेजरसमोर ती फाइल उघडीन आणि अर्धी चूक माझी होती हे माझ्या तोंडानं सांगेन. तुमची मजल्यावरची जागा तुम्हाला परत मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.