भुसा ओढणारं मशीन

मोर्चाच्या फलकांना काठ्या ठोकून घ्यायला मी दत्तूमामा सुतारांकडे गेले. भिंतीला टेकवलेल्या प्लायवूडवर त्यांनी विकत घ्यायच्या हत्यारांची यादी लिहिली होती. बॅटरीचं ड्रिल, लाकडात खाचा पाडणारा राउटर, करवतीची नवी पाती आणि सगळ्यात खाली, भुसा ओढणारं मशीन. मामा खोकत होते.

"मामा, छातीचा नंबर शेवटी?" मी भडकलेच.

"अगं, आधी काम, मग छाती!"

मला चीड येते ती याचीच. दुसऱ्यांच्या गरजा आपण ठळक लिहितो आणि स्वतःचा श्वास उरलेल्या जागेत कोंबतो.

मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मशीनपासून थेट वरपर्यंत बाण ओढला. "झालं समाधान, पुढारीणबाई?"

इतके मोर्चे काढले, पण जागच्या जागी मंजूर झालेली माझी ही पहिलीच मागणी.