चोवीस माणसांची सुरक्षित म्हैसूर ट्रिप

लेथ मशीनखाली आठवडाभर लोखंडाचा चुरा साठतो, तो शनिवारी भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपात ते तसेच पडून राहतात. चहाच्या सुट्टीत कुणीतरी एक उचलतो, पुसतो आणि परत सांगायला लागतो. सध्या जोर म्हैसूरच्या ट्रिपचा आहे. जाऊन आल्याला वर्ष होत आलं, तरी विषय निघाला की आमचे सुभेदार उठून स्टोअरमध्ये जातात. आत्ता गेलेत, तोवर सांगून घेतो.

*

सुभेदार म्हणजे आमचे स्टोअरकीपर. गाव आष्ट्याजवळ. उभी नोकरी मिलिटरीत झाली, रिटायर होऊन इथं आले आणि नट-बोल्टांना शिस्त लावली. ट्रिपचं नियोजन कोण करणार, असं मालकांनी विचारलं तेव्हा सुभेदार आधीच उभे होते.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी समित्या नेमल्या. पाणी समिती, औषध समिती, गर्दी समिती आणि चोर समिती. चोर समितीत मला घातलं. मी डिस्पॅचला असतो आणि माझी नजर संशयी आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे, पण चारचौघांत सांगायची गरज नव्हती.

लेथवरचा रियाज मिरजेचा. तो गरीब चेहरा करून म्हणाला, "सुभेदार, तिथं जाऊन बघायचं काय काय, त्याची समिती कुठली?"

"बघायचं ते तितंच हाय रं. त्ये कुठं पळून जातंय? माणसं पळत्यात."

एवढं बोलून त्यांनी वही मिटली. त्या वहीत राजवाड्याला एक ओळ होती आणि जुलाबाला दोन पानं.

*

त्या मीटिंगला कँटीनची हौसाक्का पण आली होती. आमच्या सगळ्यांची पोटं तिनं वाढवलीत. तिचा लेक शिरवळला कंपनीत आहे. दिवाळीनंतर तो आईला कायमचं घेऊन जाणार होता, नातवंडं सांभाळायला. म्हणजे आमच्याबरोबरची तिची ही शेवटची ट्रिप, आणि ह्यापुढं तिला घराबाहेर कोण नेणार, हे तिलाही माहीत होतं.

ती म्हणाली, "मला बाकी काय नगं. ऐतवारी सांजचं राजवाड्यावर दिवं लावत्यात म्हणं. आमचं कारभारी ट्रक घिऊन तिकडं जायाचं. आख्खा वाडा पेटल्यागत दिसतुया म्हणायचं. नेतो, नेतो म्हणत ऱ्हायलं आन गेलं. तेवढं दिवं मला बघू द्या."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सुभेदारांनी वहीत लिहिलं, 'हौसाक्का: दिवे.' मग लाल पेन काढून खाली लिहिलं, 'गर्दी. धोका.'

त्याच आठवड्यात शिरवळहून लेकाचा फोन आला. "सुभेदार, आईला जपा. ती खाली बघून चालत नाही, मान वर करून चालते." झालं. सुभेदारांनी त्याला शब्द दिला आणि तिच्या नावाला आणखी एक लाल रेघ मारली.

*

मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप निघाला. त्यावर फक्त सुभेदार लिहू शकत होते, आम्ही नुसतं वाचायचं. रोज सकाळी एक व्हिडिओ. कधी खिसा कापणारा, कधी नकली गाईड, कधी भेळेतली अळी. आठ दिवसांत आमची अशी अवस्था झाली की म्हैसूर हे शहर आहे का चोरांचं कॉलेज, तेच कळेना.

सगळ्यात जास्त धसका पेंटिंगच्या विलासनं घेतला. त्यानं बायकोला सांगून बनियनला आतून खिसा लावला, मोबाईल आत घातला आणि वरून तोंड शिवून टाकलं. बायको टेलरिंग करते, दुहेरी टीप मारली.

बस बेळगावच्या पुढं गेली आणि फोन वाजायला लागला. बायकोचाच. पोचला का, हे विचारायला. विलास शर्टाची बटणं सोडून पोटाकडं बघत ओरडत होता, "अगं, अजून न्हाई पोचलो!" तिला काही ऐकू जाईना, ती परत परत लावत राहिली. शेवटी बॅटरी संपली तेव्हा बस शांत झाली.

तीन दिवसांत विलासनं एक फोटो काढला नाही. पण फोन चोरीला गेला नाही, हे सुभेदार स्टोअरकडं जाता जाताही अभिमानानं सांगतात.

*

म्हैसूरच्या बाजारात कुंकवाचे ढीग असतात, लाल, पिवळे, हिरवे. फुलांचे हार हातभर जाड. वासानं माणूस येडा होतो. आम्हाला ऑर्डर होती की अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. बोलायचं झालं तर सुभेदार बोलतील.

सुभेदार बोलायचे ते मिलिटरी हिंदीत. एका फुलवालीसमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "ये क्या भाव लगाया?" आवाज असा की तिनं दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात कळलं, हौसाक्का रांगेत नाही. बघतो तर चार दुकानं सोडून पाटावर बसलीय, हातात चहाचा ग्लास, आणि एका बाईशी कन्नडमध्ये गप्पा रंगल्यात. आक्काचं माहेर जत तालुक्यात, हद्दीवरचं. कन्नड तिची आईची भाषा.

सुभेदार धावत गेले. "आक्का, अनोळखी माणसाशी बोलायचं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं का न्हाई?"

"आवं, अनोळखी कशाची? हिची भन आमच्या गावात दिलीया."

सातशे किलोमीटरवर येऊन बाईनं पाहुणे काढले. आणि आम्ही तेवीस जण एकमेकांशिवाय कुणाशीही न बोलता बाजार फिरून आलो. वहीत नोंद झाली, 'हौसाक्का: शिस्तभंग, पहिला.'

*

राजवाडा दिवसा आतून बघितला. बघितला म्हणजे काय, आत जाऊन आलो. सुभेदारांचा नियम असा की पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं, म्हणजे साखळी तुटत नाही. प्रत्येक दारात थांबून मोजणी. आक्काला साखळीच्या मधोमध घातलं होतं, पुढं रियाज, मागं मी.

दरबाराचं छत कसं आहे म्हणून विचाराल तर मला सांगता येणार नाही. आक्काचा अंबाडा कसा आहे ते सांगतो.

एक शिकलेली बाई आमच्याकडं बघत होती. ज्यांना दिसत नाही अशा माणसांची सहल आलीय, असा तिचा समज झाला. बिचारी पुढं आली, रियाजचा हात धरला, एका खांबावर ठेवला आणि हळू आवाजात हिंदीत सांगायला लागली, ही वेल, हे फूल, हा मोर.

रियाज डोळे मिटून म्हणाला, "शुक्रिया, दीदी."

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. तो म्हणाला, "गड्या, सगळ्या ट्रिपमध्ये मला तेवढा एकच खांब कुणीतरी नीट दाखवला. तो पण सोडू व्हय?"

*

आता रविवारची संध्याकाळ.

दिवे थोडाच वेळ असतात, तासाभराच्या आत बंद. आक्का दुपारपासून तयार. नवं हिरवं लुगडं, डोक्याला तेल. चारदा मला विचारून झालं, "किती वाजलं रं?" आम्ही वेळेच्या आधी मैदानात पोचलो. गर्दी ही एवढी. सुभेदारांनी आम्हाला फाटकाजवळच्या झाडाखाली नेलं, राजवाड्याकडं पाठ करून उभं केलं आणि मोजणी सुरू केली. तोंड राजवाड्याकडं असलं की माणसं हलतात, असं त्यांचं म्हणणं.

तेवीस.

परत मोजलं. तेवीस. स्वतःला दोनदा धरून चोवीस करता येतात का, तेही त्यांनी बघितलं. हौसाक्का नव्हती.

सुभेदारांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. हातातली वही उलटी धरली होती. लेकाला दिलेला शब्द, दुसरं काय. "सगळ्यांनी हुडकायचं," ते म्हणाले. दोघा-दोघांच्या जोड्या पाडल्या. दोघं बसकडं, दोघं बाजारात, दोघं संडासाकडं, मी आणि रियाज त्यांच्याबरोबर पोलीस चौकीकडं.

आम्ही रस्त्याला लागलो आणि मागून एकदम मोठा आवाज आला. हजारो माणसांचा, खुशीचा. आमच्या तिघांच्या सावल्या पुढच्या रस्त्यावर लांब पडल्या. समोरच्या दुकानाच्या काचा पिवळ्याधमक झाल्या. रियाजनं मान वळवायला घेतली.

"म्होरं बघ," सुभेदार म्हणाले. "म्हातारी हरवलीया आन तुला दिवं सुचत्यात व्हय?"

पुढं बघितलं. चौकीत आक्काचं वर्णन लिहून दिलं. उंची सांगताना सुभेदारांनी हात आपल्या खांद्याला लावून दाखवला. "तिला दिवं बघायचं व्हतं वो," एवढंच ते साहेबांना मराठीत सांगत होते. साहेबांना मराठी येत नव्हती. बाजार पालथा घातला, बस बघितली, रस्त्यावरच्या प्रत्येक हिरव्या लुगड्याच्या तोंडाकडं बघितलं. दोन बायकांनी आम्हाला शिव्या दिल्या, आणि त्या कन्नडमध्ये असून कळल्या.

परत फाटकाशी आलो तेव्हा दिवे गेले होते. मैदान रिकामं होत होतं. सगळ्या जोड्या हात हलवत परत आल्या. सुभेदार झाडाला टेकून खाली बसले. मोबाईल हातात धरला होता, पण शिरवळचा नंबर लावायचा धीर होईना.

तेवढ्यात विलासनं बोट केलं. पार पुढं, राजवाड्यासमोर, गवतावर एक बाई मांडी घालून बसली होती. मांडीवर चुरमुऱ्याचा कागद, आणि शेजारी कुणाचं तरी पोर तिच्या पदराशी झोपलेलं.

आम्ही सगळे धावलो. सुभेदारांचा श्वास लागला होता, डोळ्यांत पाणी. रागवावं का पाया पडावं, त्यांना ठरवता येईना. "आक्का, कुठं हरवला व्हता?"

हौसाक्कानं आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. बोटानं हळूहळू मोजलं. मग चुरमुऱ्याचा कागद सुभेदारांच्या पुढं धरला.

"मी हितंच हाय की. दिवं लागलं तवा तुमास्नी दावाय मागं वळले, तर एक बी न्हाई. तेवीस माणसं एकदम हरवल्यावर एकटी बाई काय करणार? म्हटलं, आदी दिवं बघून घ्यावं, मग हुडकू."