ड्रममधली उशी

“ड्रममधली उशी काऊन काढली वं?” मी बायकोवर असा ओरडलो, की पुलगाव टेसनात शिरणारी मालगाडी घाबरून मागं सरकली. परवा सिंदी गावात उशीसाठी पिंजलेल्या कापसाचा वास आला आन् तोच राग पुन्हा चढला; फक्त कोणावर, ते आता धड सांगता येत नाही.

त्या दिवशी आमच्या बँडचा लग्नातला कार्यक्रम तासाभरावर आला होता. माझा बेस ड्रम लहान, पायाने वाजवायचा. आतून उशी टेकवली की ठोका थेट वऱ्हाड्यांच्या बरगड्यांत बसायचा, मांडवाबाहेर बांधलेला नवरदेवाचा घोडासुद्धा ताल धरायचा! महिनाभर खपून तो आवाज सापडला होता. आता पाय मारला की नुसतं रिकामं पिंप गडगडायचं.

उशी अंगणात उन्हाला घातली होती. तिच्यावर हात फिरवत बायको म्हणाली, “माही हाय ते. महिनाभर हात उशाले घेऊन झोपून राह्यली मी.”