विणकराचे पाय

वर्षातले दोन महिने मी टेरिटोरियल आर्मीत जवान असतो. उरलेले दहा महिने सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात खुर्चीवर. पोट तिथंच सुटतं. म्हणून कॅम्पच्या आधी रोज सकाळी होटगी रोडला धावतो.

कारखान्यातला एक विणकर गंमत म्हणून सोबत यायला लागला. दिवसभर यंत्रमागांमधून फिरणारा गडी. स्लिपर घालून मला मागं टाकायचा आणि पुढं थांबून वाटही बघायचा. त्या पायांवर मी जळायचो. एकदा चिडून म्हणालो, "एवढं पळतोस, तर हो की फौजेत भरती!"

"गेलतो की," तो म्हणाला. "उंचीत दोन बोटं कमी पडलो."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्याच्याशेजारी ताठ उभा राहिलो.