काहिलीतून भीमेवर

"तुम्हाला डिप्रेशन आहे," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. माझा कोरा चेहरा बघून त्यांनीच उलगडून सांगितलं. मन इतकं खचतं की अंगातलं बळही जातं. हा आजार आहे, आळस नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

मला तर रागच आला. रक्त तपासून झालं होतं, एक्स-रे झाला होता, सगळं ठीक निघालं होतं. माझी सव्वा वर्षाची नंदा तापानं गेली, आणि त्या दुःखाला म्हणे इंग्रजी नाव होतं!

"जगणं नकोसं वाटतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

हे दौंडला रेल्वेत होते. मी जिवाचं काही करून घेईन असा धसका घेऊन त्यांनी क्वार्टरच्या खिडक्यासुद्धा लावून घेतल्या होत्या. माझ्यासमोर नंदाचं नाव काढायचं नाही, अशी येणाऱ्याजाणाऱ्यांना ताकीद होती. सगळं मायेपोटीच. मी भिंतीकडे तोंड करून पडून असे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "यांना उजेडात, मोकळ्यावर न्या. पण एकटं सोडू नका."

म्हणून मी मामांच्या मळ्यात राहायला गेले. मळा भीमेच्या काठी होता. तिथे गुऱ्हाळ बंद झालं की उसाचा रस उकळायची काहील, म्हणजे ती भली मोठी कढई, नदीत उतरायची. मामा रोज सकाळी तिच्यात बसून पलीकडे शिरूरच्या बाजूच्या शेतावर जात. मलाही नेतो म्हणाले.

"मामा, पाण्यावर नका नेऊ तिला," हे काकुळतीला आले.

"म्या हाय की संगं. कोंडून ठिवून काय गुण आला, सांगा बरं?"

काहिलीत कसंही बसून चालत नाही. मधोमध बसून तोल सांभाळावा लागतो, नाहीतर ती गरागरा फिरते. कित्येक दिवसांनी मला माझ्या अंगाचं भान आलं. बरं वाटलं असं खोटं सांगणार नाही. परतल्यावर भूक लागली, एवढंच.

एकदा ऐन पात्रात मामा म्हणाले, "नंदी हितं काठाला पानी उडवीत बसायची."

मी हंबरडा फोडला. मामांनी वल्हं थांबवलं. "रड पोरी. हितं कोन बघतंय?"

पुढच्या रविवारी हे आले. मी हट्टानं त्यांना काहिलीत बसवलं; वल्हं मामांच्या हातात होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर विचारलं, "नंदा गेल्यापासून तुम्ही रडलात का हो कधी?"

ते म्हणाले, "डूटीवर रडतो. इंजनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाई."

मी त्यांचा हात धरला, तसा त्यांचा बांध फुटला. त्यांना एवढं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मला सावरायला पुढे वर्ष लागलं. गोळ्या मी चुकवल्या नाहीत, तुम्हीही चुकवू नका. डॉक्टरांचे आणि मामांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, तर त्याला मोकळ्यावर न्या. आणि त्याला जपणारं माणूसही बरोबर घ्या. त्या जपणाऱ्यालाही त्याचं दुःख कुणी विचारलेलं नसतं.