सुरुवातीचे बिंदू

आमचे सर दर वर्षी पेणजवळ जोह्याला येऊन बाबांच्या कारखान्यातून शाडूची गणेशमूर्ती फुकट नेत. मुलगी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करतेय म्हटल्यावर बाबा कसले पैसे मागतात!

मी एसटीने पेणहून रोह्याला जायचे. तिथल्या प्रयोगशाळेत गंधकाम्लात अमिनो आम्ल घ्यायचं, परमँगनेट टाकायचं आणि जांभळा रंग किती वेगाने उतरतो ते मोजायचं, हा माझा उद्योग. रंग आधी हलायलाच तयार नसे, मग एकदम भराभर उतरे. सरांना आलेखावर सरळ रेषा हवी होती.

"सुरुवातीचे बिंदू काढून टाक. तुझा हात बसलेला नाही अजून."

मी काढले नाहीत. परमँगनेटपासून तयार होणारं मँगनीजच पुढची क्रिया पळवत असणार, असा माझा संशय होता. म्हणून मी मँगनीजचा क्षार आधीच घातला. रंग पहिल्यापासून झरझर उतरला. मी नाचायचीच बाकी होते. सरांनी ते आलेख ठेवून घेतले आणि प्रबंधावरची सही आज-उद्यावर ढकलत राहिले.

यंदा मूर्तीसाठी त्यांचा फोन आला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "द्यायची नाही," मी बाबांना म्हटलं. बाबा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते.

"देव चाललाय गो त्यांच्या घरी. त्याला नाय कसा म्हनू?"

सर आले, वडखळच्या खड्ड्यांना शिव्या देत चहा प्यायले. मूर्ती धरायला नवा विद्यार्थी आणला होता. गाडीत मूर्ती त्याच्या मांडीवर ठेवताना मी त्याचा विषय विचारला. बिचारा उत्साहाने सांगू लागला, "क्रिया सुरुवातीला संथ असते ना ताई, पण आधीच मँगनीज घातलं की तो संथपणा जातो. आलेख सरांचे तयारच होते. आमचा पेपर स्वीकारलाही गेला."

सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांची गचांडी धरावी असं वाटलं. पण माझ्या प्रबंधावरची सही अजून त्यांच्याच हातात होती. मी दार लावलं.

तेवढ्यात रंगाचे हात पुसत बाबा खिडकीपाशी आले आणि त्यांनी सरांना हात जोडले. "सर, आमच्या पोरीचं तेवढं बगा."

"बघू की," म्हणत सरांनी काच वर केली.

गाडी गेली. बाबा खुशीत माझ्याकडे वळले.

"बगतो म्हनाले गो. आता तुझं काम झालंच समज."