जीपमधली मामी

माझा एमपी-थ्री वॉकमन मामाच्या जुन्या जीपच्या टेपला जोडायला मी वायर लावलेली नकली कॅसेट आणली होती. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघाल्यावर मी ती टेपमध्ये सारली आणि ऐटीत वॉकमनचं बटण दाबलं.

गाण्याऐवजी स्पीकरमधून मामीच गरजली, "अवं, औंदा मारकी म्हैस आनली तर याद राखा!"

सकाळी तिनं गुपचूप वॉकमनच्या रेकॉर्डरवर आपला आवाज भरून ठेवला होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

मामानं करकचून ब्रेक दाबला, मागच्या सीटवर वळून पाहिलं आणि टेपकडे वाकून नरमाईनं म्हणाला, "न्हाई आनत, बाई."

हसून हसून माझं पोट दुखलं. बाजारात मात्र त्यानं दिसेल त्या म्हशीच्या शिंगाला हात लावून पाहिला. शेवटी आम्ही एक गरीब शेळी घेऊन परतलो.